तान्हा पोळा, बोजारा आणि पथ्यावरचे मूल

श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आपल्या भंडारा जिल्ह्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांचे लाकडी बैल सजवून, त्यांना दोरी बांधून मुले आधी चौकात आणि मग घरोघरी जातात. घरची गृहिणी लाकडी नंदीला ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे नाणे, आणि त्याच्या जोडीला खाऊ. पुढे महिनाभर भुलाबाईची गाणी चालतात. तिथे झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. कोजागरीला आटीव दूध, दिवाळीत फराळ, भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया आणि वर्षभर वाढदिवसांचे केक. आपल्या समाजातील बालपण हे असे खाऊच्या वाटेने पुढे सरकत असते.

ही वाट ज्या मुलांना बंद आहे, त्यांच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

आमच्या चिकित्सालयात येणारी एक नऊ वर्षांची मुलगी आहे. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या आतील आवरणाची हानी होणारा सिलिॲक व्याधी तिला आहे आणि बालवयातच सुरू होणारा, इन्सुलिनवाचून न भागणारा मधुमेहही आहे. हे दोन्ही व्याधी एकाच मुलात आढळणे हा निव्वळ दुर्योग नव्हे. दोहोंच्या मुळाशी शरीराच्या संरक्षणयंत्रणेने स्वतःवरच उलटणे असल्यामुळे ते पुष्कळदा जोडीने येतात. निदान झाले त्या वेळी तिला दूधही पचत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या तान्ह्या पोळ्याला ती आपला बैल घेऊन गल्लीत फिरली. घरोघरी करंज्या, बिस्किटे, चॉकलेटे मिळाली आणि पिशवी भरली. घरी येताच आईने पिशवी काढून धाकट्या भावाला दिली. गेल्या वर्षी आईने तिला पाठवलेच नाही. रडवून परत आणण्यापेक्षा न पाठवलेले बरे, असा त्या माउलीचा विचार. त्याच रात्री मुलीने स्वयंपाकघरात जाऊन लपून दोन करंज्या खाल्ल्या. पुढील आठवडा पोटदुखी, अतिसार आणि रक्तातील साखरेचे चढउतार यांत गेला.

आईने आम्हांस विचारले, "डॉक्टरसाहेब, हिला समजवा ना, हे खायचे नसते." आम्ही समजावले खरे, परंतु समजावण्याची गरज त्या मुलीला होती, की आम्हांला आणि तिच्या भोवतीच्या समाजाला, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

चरकाचार्यांनी पथ्याची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोन अटी आहेत. पथ्य शरीरमार्गाला अपाय न करणारे हवे आणि ते मनाला प्रियही हवे. पहिली अट आपण सारे पाठ म्हणतो. दुसरी मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच राहून जाते. "गहू बंद, दूध बंद, साखर बंद" असे लिहून दिले, की आपले काम संपले असे आपण मानतो. नऊ वर्षांच्या मुलीला मनाला प्रिय काय द्यायचे, हे त्या कागदावर कुठेही नसते. मग ती रात्री उठून करंजी खाते, यात दोष तिचा की अर्धवट पथ्य सांगणाऱ्याचा?

आमचे काही वैद्यमित्र म्हणतील, "ही शहरी फॅशन आहे. आमच्या धानाच्या मुलखात कुणाला गव्हाची बाधा व्हायची?" या आक्षेपात थोडे तथ्य आहे. आवश्यकता नसताना ग्लुटेनविरहित आहाराचा व्यापार फोफावला आहे, हे खरे. परंतु आपल्याकडे पोळी रोजची झाली, बिस्किट आणि मैद्याचे पदार्थ खेड्यातील पानटपरीपर्यंत पोचले, तेव्हा भात खाणाऱ्या मुलखाचा तो जुना आधार आता पूर्वीसारखा उरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला असता सिलिॲकची मुले सुधारू लागली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, या निरीक्षणाने विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाच्या मताला बळ मिळाले. गहू हाच दोषी आहे हे त्याने १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले. ज्या काळात त्या देशात पाव हेच मुख्य अन्न होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. व्याधी फॅशनने येत नाही; तो असतोच, ओळखला मात्र उशिरा जातो.

येथे एक व्यावहारिक सूचना. ग्रहणीची लक्षणे असलेल्या, वजन न वाढणाऱ्या, पांडुता न सुधारणाऱ्या मुलात सिलिॲकची शंका आली, तर गहू आधी बंद करू नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि आवश्यक तर आतड्याच्या तुकड्याची तपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू बंद करून काही महिन्यांनी तपासणीला पाठवले, तर ती खोटी निर्दोष येऊ शकते आणि निदान कायमचे लोंबकळत राहते. हा घोटाळा आपल्या सद्‌हेतूमुळेच अधिक होतो.

आता खाऊच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. अनेक पथ्ये एकाच वेळी सांभाळावी लागणाऱ्या मुलांच्या खाऊचा विचार करण्यास याहून चांगली चौकट आम्हांस तरी ठाऊक नाही.

यांपैकी राशी, म्हणजे मात्रा, हा सर्वांत महत्त्वाचा भेद होय. मधुमेही मुलाच्या बाबतीत मात्रा हाच आधार आहे. त्या मुलाला गोड पूर्ण वर्ज्य नाही. किती खाल्ले हे मोजून त्यानुसार इन्सुलिन देता येते. इतकेच नव्हे, तर साखर एकाएकी उतरली असता ग्लुकोज किंवा साखर हेच त्याचे जीवनरक्षक औषध असते. म्हणून "साखरेला कधीच हात लावायचा नाही" अशी भीती त्याच्या मनात घालणे धोक्याचे आहे. त्याचबरोबर, गूळ साखरेपेक्षा सात्त्विक म्हणून मधुमेह्याला मोकळेपणाने चालतो, हा आपल्यातीलच काहींचा समजही सोडला पाहिजे. रक्तातील साखर गुळानेही वाढतेच. दुधातील शर्करा न पचणाऱ्या मुलालाही थोड्या मात्रेने फारसे बिघडत नाही. सिलिॲकने आतडे बिघडल्यामुळे आलेली ही तक्रार गहू सुटून आतडे भरून आले, की पुष्कळदा जातेही. आमच्या त्या मुलीला आता दूध पचते.

परंतु सिलिॲक आणि खरी ॲलर्जी यांत मात्रेचा हा आधार नाही. सिलिॲकमध्ये एक करंजी किंवा अर्धे बिस्किटही आतड्याची झीज चालू ठेवते, वरून लक्षण दिसो वा न दिसो. आणि दूध, अंडे, शेंगदाणा, काजू किंवा तीळ यांची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला एखादा घासही प्राणसंकटात टाकू शकतो. "थोडेसे खाल्ल्याने काही होत नाही" हे आपल्या आजी-आत्यांचे प्रेमळ वाक्य एका मुलाच्या बाबतीत खरे आणि दुसऱ्याच्या बाबतीत घातक असते. कोणत्या मुलाच्या बाबतीत काय, हे घरच्यांना स्पष्ट सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

याच ठिकाणी शास्त्राच्या एका वचनाचा गैरवापर होतो. अहितकर सवय एकदम न सोडता चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावी आणि हितकर गोष्ट त्याच क्रमाने जोडावी, हा पादांशिक क्रम आपण शिकलो. तो सात्म्याच्या विचारातून आला आहे. त्याचा आधार घेऊन "रोज थेंबभर दूध द्या, सवय होईल" असा सल्ला तीव्र ॲलर्जीच्या मुलाला दिला गेल्याचे आम्ही ऐकले आहे. मात्रा हळूहळू वाढवण्याचे उपचार आधुनिक वैद्यकातही आहेत. परंतु ते प्राणरक्षणाची सिद्धता असलेल्या ठिकाणी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात. घरच्या ओसरीवर करण्याचा हा प्रयोग नव्हे.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या एका मुलाला कासासाठी आम्ही घृतयुक्त अवलेह दिला. "याला दुधाची ॲलर्जी आहे", असे आईने आधी सांगितले होते. आम्ही मनाशी म्हटले, तुपात दूध कुठे राहिले? परंतु तुपात, विशेषतः घरी कढवलेल्या तुपात, दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो. थोड्याच वेळात मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. सुदैवाने शासकीय रुग्णालय जवळ होते. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळाले आणि मूल वाचले. त्या दिवसापासून अवलेह, घृत किंवा कल्प लिहिण्यापूर्वी आम्ही प्रत्येक मुलाच्या आईला चार प्रश्न विचारतो. ही पद्धत शिकण्याची किंमत त्या मुलाने मोजली.

म्हणून पहिली सुधारणा आपल्या घरात हवी. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरे आता आपल्याकडेही होतात. काश्यपसंहितेतील या प्राशनात मध आणि तूप असते. रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणाला दुधाची ॲलर्जी आहे काय, हे विचारल्याशिवाय एकही थेंब दिला जाऊ नये. एक वर्षाखालील अर्भकांना मधातून बोट्युलिझमच्या जिवाणूंची बीजे पोचण्याचा धोका बालरोगतज्ज्ञ सांगतात. तो आपणही गांभीर्याने घ्यावा आणि त्या वयात मध टाळावा. शतावरी कल्पातील साखर, आसवारिष्टांतील गूळ, अवलेहातील तूप आणि तिळाचे तेल हे सर्व पथ्यावरच्या मुलाच्या दृष्टीने खाऊच आहेत. ते द्यायचे की नाही, हे खाऊइतक्याच काळजीने ठरले पाहिजे.

आपल्या घरातील दुसरा दोष याच्या उलट आहे. प्रत्येक खोकल्याला दही, केळे, आंबट, थंड हे सारे बंद, आणि ते केव्हापर्यंत याचा उल्लेख नाही! महिनोन्‌महिने अशी निराधार पथ्ये पाळणारी कृश मुले आम्ही पाहिली आहेत. पोषण आधीच तोकडे असलेल्या घरांत ही चैन परवडणारी नाही. पथ्याला कारण हवे, मुदत हवी आणि वगळलेल्या प्रत्येक पदार्थाला तोडीचा पर्याय हवा. खोटी पथ्ये कमी केली, तरच खऱ्या पथ्याला समाजात मान मिळेल.

आता करण आणि संयोग. तांदळाचे पीठ निर्दोष खरे; पण गावच्या गिरणीत गव्हाच्या मागोमाग तांदूळ दळला, की पिठात गहू आलाच. सिलिॲकच्या मुलासाठी तांदूळ घरी धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये किंवा केवळ त्यासाठी राखलेल्या जात्यावर दळावा. करंज्या तळलेल्या तेलात चकली तळू नये. पोळपाट, चाळणी, झारा वेगळा ठेवावा. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, हे फार थोड्या गृहिणींना ठाऊक असते. वेष्टनबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामादी कवचफळे, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख करणे २०२० च्या केंद्रीय लेबल नियमांनी बंधनकारक केले आहे. ते वाचण्याची सवय आपण पालकांना लावावी. सुट्या फरसाणावर मात्र कसलेही लेबल नसते. तेथे न देणे हेच शहाणपण.

देश आणि काल यांचा विचार केला, तर आपला जिल्हा भाग्यवान आहे. धान आपले, पोहे-मुरमुरे आपले, मामा तलावांतील शिंगाडा आपला. भाद्रपदात मक्याची कणसे, आश्विन-कार्तिकात उकडलेले शिंगाडे, पुढे पेरू. यांत गहू नाही, दूध नाही, अंडे नाही. शिंगाडा हे पाण्यातील फळ आहे. काजू-बदामांच्या वर्गात ते मोडत नाही. घरी भाजलेल्या पोह्यांचा, शेंगदाणे व बांधानी हिंग वगळून आणि फुटाण्याची डाळ घालून केलेला चिवडा, घरच्या तांदूळ-पिठाची ताज्या तेलातील चकली, मोड आलेल्या मुगाची उसळ असा बेत बहुतेक मुलांना एकत्र बसून खाता येतो. मधुमेही मुलासाठी एवढेच करायचे, की काय आणि किती वाढणार हे आईला आदल्या दिवशी सांगायचे. तिला मात्रेचा हिशेब करता येतो. आपले उपवासाचे पदार्थही गव्हावाचून चालतात. फक्त शेंगदाण्याचे कूट, दही आणि तूप यांचे भान ठेवावे लागते. अर्थात कोणताही पदार्थ सर्वांनाच निर्दोष नसतो. म्हणून यजमानाने आधी विचारावे, हे सूत्र कायम राहते.

आणि उपयोगसंस्था, म्हणजे खाण्याची रीत. येथे आम्हांस समाजाच्या एका विसंगतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. एकादशी करणाऱ्या पाहुण्याला "एक घास घ्या, काही होत नाही" असे कुणी म्हणत नाही. त्याच्यासाठी भगर वेगळी शिजते आणि कौतुकाने वाढली जाते. राज्य शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात अंडे देण्याचे ठरवले, तेव्हा अंडी न खाणाऱ्यांसाठी केळ्याची तरतूद त्याच निर्णयात होती. पुढे २०२५ च्या आरंभी त्यासाठीचा शासकीय निधी थांबला, हा भाग वेगळा. मुद्दा हा, की श्रद्धेने पाळलेला नियम आपल्याला समजतो, त्याची सोय करणे आपल्याला अवघड वाटत नाही. मग व्याधीने लादलेला नियमच तेवढा हट्ट, लाड किंवा आईचे खूळ का ठरतो? उपवासाला जो मान आहे, तोच मान लहान मुलाच्या पथ्याला मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.

त्यासाठी परंपरा मोडावी लागत नाही. अमेरिकेत हॅलोविनच्या रात्री मुले अशीच दारोदार खाऊ मागत फिरतात. तेथे अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१४ साली देशभर मोहीम सुरू केली. ज्या घराबाहेर निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला असेल, त्या घरी खाऊखेरीज दुसरी भेटवस्तू मिळेल, असा तो संकेत. त्यांना नवा संकेत शोधावा लागला. आपल्याकडे तो तान्ह्या पोळ्याच्या पोटातच आहे : बोजारा! नाणे कुणालाही बाधत नाही. मूळ रीत टिकवून प्रत्येक मुलाच्या हातावर नाणे, पेन्सिल, खडूची पेटी किंवा बैलाच्या गळ्यातील घुंगरू ठेवले, तर पिशवी सर्वांची सारखीच भरेल. एका मुलाला वेगळे काढून "तुझ्यासाठी हे" म्हणण्यापेक्षा सर्वांना एकच देणे अधिक चांगले. भुलाबाईच्या खिरापतीतही ओळखण्याची गंमत राहू द्यावी. पण डब्यात काय आहे हे पथ्यावरच्या मुलीच्या आईला आधी कळवावे. मुलींपासून गुपित ठेवायचे असते, तिच्या आईपासून नव्हे.

आपल्या संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक बालरुग्णाच्या केसपेपरवर ॲलर्जी आणि वर्ज्य आहार यांची नोंद लाल शाईने व्हावी आणि सुवर्णप्राशन शिबिरांत ती विचारल्यावाचून प्राशन होऊ नये. दुसरी, अशा मुलाच्या पालकांना आपण मराठीत एक पथ्यपत्र द्यावे. त्यात वर्ज्य काय, चालते काय, मात्रा चालते की नाही आणि अपघात झाल्यास काय करायचे, एवढेच असावे. ते शाळेत, अंगणवाडीत आणि शेजारी दाखवता येईल. तिसरी, खाल्ल्यानंतर गांधी, ओठांची सूज, आवाज बसणे, धाप, वारंवार उलटी किंवा भोवळ अशी लक्षणे दिसताच मुलाला चालवू नये, १०८ ला फोन करावा आणि ॲड्रेनॅलिन मिळेल अशा जवळच्या ठिकाणी न्यावे, हे प्रत्येक वैद्याने स्वतः शिकावे आणि इतरांना शिकवावे. या अवस्थेत आमच्या कपाटातील कोणतेही औषध ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. रोग्याचे प्राण वाचवणे हेच आपले पहिले शास्त्र.

ती नऊ वर्षांची मुलगी आता पंधरवड्याने आमच्याकडे येते. यंदा पोळ्याआधीच तिच्या गल्लीतील पाच-सहा घरांशी आम्ही स्वतः जाऊन बोलणार आहोत. करंज्या करू नका, असे आम्ही सांगणार नाही. दारात बैल घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर आधी बोजारा ठेवा, खाऊ मागून त्याच्या आईच्या हाती द्या, इतकेच सांगणार आहोत. आपल्या वाचक वैद्यांनी आपापल्या गावी असे एक मूल शोधावे आणि त्याची गल्ली गाठावी, ही विनंती.

इत्यलम्.